आकडा किती मिनिटांपूर्वीचा? : दूरदेखरेखीच्या प्रकल्प नोंदी

२ जून

कामाची हद्द आधी लिहून ठेवतो, नाहीतर ती दर आठवड्याला वाढत जाईल. भाचीला टाइप वन मधुमेह आहे. पुढच्या महिन्यात ती वसतिगृहात राहायला जाते आहे. दंडावर सेन्सर आहे, डेक्सकॉमचा जी६, दर ५ मिनिटांनी तिच्या फोनवर आकडा येतो. तो आकडा ताईला आणि भाऊजींना त्यांच्या फोनवर दिसला पाहिजे, आणि रात्री शुगर उतरली तर कुणीतरी जागं झालं पाहिजे. बास. इन्सुलिन किती घ्यायचं ते सुचवणं, पंप आपोआप चालवणं, असलं काहीही या कामात येत नाही.

ताईचा पहिला प्रश्न रास्त होता: कंपनीचं शेअर करायचं अ‍ॅप आहे की, त्यावर भागत नाही का? पुष्कळ घरांचं भागतं. पण ते चाललं तर चालतं, आणि थांबलं तर नेमकं कुठे अडलं ते कळत नाही. मला प्रत्येक सांध्यावर डोकावता यायला हवं. म्हणून नाइटस्काउट, म्हणजे सेन्सरचे आकडे आपल्याच सर्व्हरवर साठवून दाखवणारा प्रोग्राम.

नाइटस्काउटची सुरुवातही अशाच घरगुती गरजेतून झाली. २०१३ मध्ये जॉन कॉस्टिक नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने आपल्या लहान मुलाच्या रिसीव्हरमधले आकडे बाहेर काढून इंटरनेटवर चढवले, म्हणजे मुलगा शाळेत असताना ऑफिसात बसून ते दिसतील. तेव्हा रिसीव्हर खिशात ठेवायचा आणि आकडा त्याच्यापुरताच राहायचा. मग त्याच्यासारखे इतर पालक आणि प्रोग्रामर जमले, प्रोग्राम खुला झाला, ‘वुई आर नॉट वेटिंग’ हे त्यांचं ब्रीदवाक्य ठरलं. आजही तो खुलाच आहे. वैद्यकीय उपकरण नाही, हमी कुणाचीच नाही. हे वाक्य ताईच्या फोनवर पाठवून ठेवलं आहे.

३ जून

आज संगणक उघडलाच नाही. कागदावर साखळी काढली आणि प्रत्येक कडीसमोर ‘ही गप्प झाली तर कुणाला कळेल?’ असा रकाना आखला.

सेन्सरची तार कातडीखालच्या द्रवातलं ग्लुकोज मोजते. वरचा ट्रान्समीटर तो आकडा ब्लूटूथने फोनला देतो. फोनमधलं एक्सड्रिप प्लस हे अ‍ॅप तो इंटरनेटवरून सर्व्हरला धाडतं. सर्व्हर डेटाबेसमध्ये टाकतो. ताईचा फोन सर्व्हरकडून घेतो. ताईचा फोन वाजतो. ताई उठते. ताई कुणाला तरी फोन करते. तो माणूस भाचीपर्यंत पोचतो.

सगळ्या कड्यांसमोरचं उत्तर आलं, ‘कुणालाच नाही’. भाचीच्या फोनला ट्रान्समीटर हरवल्याचं कळतं, पण ती झोपलेली असते. आणि तारेपासून ताईच्या फोनपर्यंत सगळं सुरळीत चालूनही शेवटच्या दोन कड्यांना हातपाय लागतात. त्या प्रोग्रामने सुटत नाहीत, त्यांच्याकडे नंतर येतो.

७ जून

सर्व्हर उभा केला. जुन्या मार्गदर्शिका अजून हिरोकू या सर्व्हर-सेवेच्या फुकट सोयीकडे पाठवतात. ती २०२२ च्या नोव्हेंबरात बंद झाली. भाड्याच्या छोट्या सर्व्हरवर नोड (प्रोग्राम चालवायला) आणि मोंगोडीबी (आकडे साठवायला) टाकून काम झालं.

एक नोंद उघडून बघितली. ग्लुकोजचा आकडा, बाणाची दिशा (शुगर वर चालली की खाली, आणि किती वेगाने), आणि वेळ. वेळ म्हणजे १ जानेवारी १९७० पासूनचे मिलिसेकंद. ही वेळ आकडा मोजल्याची आहे, पोचल्याची नाही, एवढं लक्षात ठेवायचं.

मूळ मांडणीत ज्याला पत्ता माहीत त्याला आकडे दिसतात. ते बंद केलं. सेटिंगमध्ये अनोळखी माणसाला ‘नकार’ ठेवला आणि ताई, भाऊजी व मी अशा तिघांना वेगवेगळी टोकन, म्हणजे प्रवेशाच्या किल्ल्या, दिली, फक्त वाचण्याची. सगळ्यांना मिळून एकच टोकन देणं सोपं होतं, पण मग एकाचं काढायचं म्हटलं की सगळ्यांचं जातं.

८ जून

हे बोलणं खरं तर पहिल्या दिवशीच व्हायला हवं असं भाचीचं म्हणणं. तिला कुणी विचारलंच नव्हतं, मध्येच सर्व्हर तयार! तिच्या तीन अटी, तिच्याच शब्दांत:

‘दिवसा आकडा बघून फोन करायचा नाही. मी लेक्चरमध्ये असताना आई विचारते, दोनशे का झाली. झाली तर झाली, मी बघते ना.’

‘कुणाला बघू द्यायचं आणि कुणाचं बंद करायचं हे माझ्या हातात पाहिजे.’

‘मामा, तू नुसता प्लंबर आहेस. तुला माझी शुगर कशाला दिसायला हवी?’

दोन अटी लगेच मान्य. सर्व्हरची मुख्य किल्ली तिच्याकडे दिली आणि टोकन कसं रद्द करायचं ते दाखवलं. तिसरीवर मी म्हणालो, बसवून होईपर्यंत दिसू दे, मग बघू. तिने ‘मग बघू’ हे शब्द लिहून घेतले.

पहिल्या अटीवर ताई गप्प बसली. तिचंही बरोबर आहे. निदान झालं तेव्हापासून रात्री दोनला उठून बोट टोचून शुगर बघणारी बाई आहे ती. तिला ‘दिवसा बघायचं नाही’ सांगणं सोपं नाही.

१५ जून

भाची घरीच आहे, पण फोन पुढच्या खोलीत ठेवून आणि आम्ही दुसऱ्या गावी आहोत असं धरून आठवडाभर चालवलं. दिवसा उत्तम. रात्री एक वाजल्यानंतर भोकं.

कारण फोनचं. अँड्रॉइड ६ पासून फोन पडून राहिला, स्क्रीन बंद असली, हलवला नाही, की तो गाढ झोपी जातो आणि मागे चालणाऱ्या अ‍ॅपना इंटरनेट मोजून मिळतं. त्यावर फोन बनवणाऱ्यांची आपापली बॅटरी वाचवायची कलाकुसर, ती तर अ‍ॅप सरळ मारून टाकते. म्हणजे झोपलेल्या माणसाची राखण करायची वेळ आली की राखणदारही झोपतो. एक्सड्रिप प्लसला बॅटरीच्या बंधनातून सूट दिली, ‘आपोआप सुरू’ला परवानगी दिली, अलीकडच्या अ‍ॅपच्या यादीत त्याला कुलूप लावलं. शेवटची गोष्ट मेनूत कुठेच लिहिलेली नसते, बोट दाबून धरल्यावर सापडते.

१६ जून

रात्र बिनभोकाची.

२२ जून

बिनभोकाची म्हणालो, पण तो आलेख बघून काढलेला निष्कर्ष होता, आणि आलेख या बाबतीत साक्षीदार म्हणून कामाचा नाही.

जी६ चा ट्रान्समीटर मागच्या ३ तासांपर्यंतचे आकडे स्वतःकडे धरून ठेवतो. फोनची गाठ तुटली आणि तासाभराने पुन्हा जुळली की राहिलेले आकडे मागाहून देतो. इंटरनेट गेलं तर फोनही तसंच करतो, रांग लावून ठेवतो आणि जोडणी आली की एका दमात ढकलतो. सकाळी आलेख उघडावा तर २८८ पैकी २८८ ठिपके, ओळीने. डॉक्टरांना दाखवायला फार छान. पण पहाटे तीन ते चार ताईच्या फोनवर काहीच आलं नव्हतं हे त्या आलेखात कुठेही उमटत नाही.

मग मोजायचं काय? आकडा मोजल्याची वेळ आणि सर्व्हरवर पोचल्याची वेळ यातलं अंतर. पोचल्याची वेळ वेगळी साठवायची गरज पडली नाही. मोंगोडीबी प्रत्येक नोंदीला जो आयडी देतो त्याचे पहिले ४ बाइट म्हणजे नोंद तयार झाली त्या क्षणाचे सेकंद. ते उलगडले, त्यातून मोजल्याची वेळ वजा केली, आणि तोच आलेख पुन्हा काढला, आता ठिपक्याचा रंग उशिरावरून. दोन मिनिटांच्या आत पोचला तर हिरवा, दहापर्यंत पिवळा, त्यापुढे लाल.

१९ तारखेच्या पहाटेचा आलेख समोर आहे. जुन्या आलेखात ३:०५ ला ९८, मग ९४, ९१, ८९, हळूहळू ८४ वर टेकून परत वर. काळजीचं काही नाही. नव्या रंगात ३:१० पासून ३:५५ पर्यंतचे सगळे ठिपके लाल, आणि सगळ्यांची पोचल्याची वेळ एकच, ४:०७. पाऊण तासाहून जास्त वेळ ताईच्या फोनवर ९८ हाच आकडा होता. ८४ वर टेकली म्हणून ठीक. ५४ वर टेकली असती तरी ताईच्या फोनवर ९८ च दिसलं असतं.

प्रकल्पाचं खरं काम इथे सुरू होतं असं मला वाटतं. आकडा पोचवणं अवघड नाही, ते दहा वर्षांपूर्वीच लोकांनी सोडवलंय. शिळा आकडा ताज्यासारखा दिसू न देणं, हे काम.

२९ जून

नाइटस्काउटच्या स्वतःच्या पानावर ही काळजी घेतलेली आहे. आकडा जुना झाला की त्यावर आडवी रेघ येते, शेजारी ‘इतक्या मिनिटांपूर्वी’ लिहिलेलं असतं, आणि १५ मिनिटांनी इशारा, ३० मिनिटांनी तातडीचा इशारा अशी सोय आहे. अडचण अशी की ताई ते पान उघडतच नाही. तिने फोनच्या पहिल्या पडद्यावर एक विजेट ठेवलंय. मोठा आकडा, हिरवी पार्श्वभूमी. वेळ खाली बारीक राखाडी अक्षरात, चष्म्याशिवाय न दिसणारी.

विजेट बदललं. आता १० मिनिटांपेक्षा जुना आकडा दिसतच नाही, त्या जागी ‘माहिती नाही, १३ मि.’ असं येतं आणि पार्श्वभूमी करडी होते. ताईला आवडलं नाही. म्हणाली, ‘शेवटचा आकडा तरी दिसू दे, जिवाला बरं वाटतं.’ बरं वाटतं हीच अडचण आहे असं मी म्हटलं. मग तडजोड: करड्या चौकटीवर बोट ठेवलं तर शेवटचा आकडा आणि बाण दिसतो.

६ जुलै

पहारेकरी लिहिला. छोटासा प्रोग्राम, दर मिनिटाला सर्व्हरला विचारतो, शेवटचा आकडा कधीचा? तो मुद्दाम दुसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवर ठेवलाय. ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याच घरात पहारेकरी ठेवला तर दोघं एकदमच बुडतात.

आता किती मिनिटांच्या शांततेवर बोंब मारायची? सरसकट १५ मिनिटं ठेवायचा विचार होता. बाणांचा हिशेब केल्यावर सोडून दिला. सपाट बाण म्हणजे मिनिटाला १ पेक्षा कमी फरक. सरळ खाली एक बाण म्हणजे मिनिटाला २ ते ३. खाली दोन बाण म्हणजे ३ पेक्षा जास्त. समजा शेवटचा आकडा ९० आणि खाली दोन बाण. ५४ गाठायला १२ मिनिटंही लागत नाहीत, आणि पहारेकरी १५ मिनिटं वाट बघत उभा. उलट १६० वर सपाट बाण असताना मध्यरात्री २० मिनिटं आकडा आला नाही, तर कुणाची झोपमोड करण्यात अर्थ नाही. बहुतेकदा ती कूस बदलली की गाठ परत जुळते. ब्लूटूथची लहर शरीरातल्या पाण्यातून नीट पार होत नाही, सेन्सरचा दंड अंगाखाली आणि फोन पलीकडच्या बाजूला असला की तुटते.

म्हणून शांततेची मुभा शेवटच्या आकड्यावर ठरते. आकडा आणि बाण घ्यायचे, त्याच वेगाने खाली जात राहिली तर ७० ला किती मिनिटांत पोचेल ते काढायचं, आणि तेवढीच मुभा द्यायची. कमीत कमी ८ मिनिटं, म्हणजे आकडा दोनतीन मिनिटं उशिरा आला तर लगेच आरडाओरडा नको. जास्तीत जास्त ३० मिनिटं. शुगर वर जात असेल तर सरळ ३०. हा अंदाज शास्त्रीय वगैरे काही नाही. शरीर सरळ रेषेत चालत नाही, तासापूर्वीचं इन्सुलिन अजून काम करत असतं. पण सरसकट १५ पेक्षा हे शहाणपणाचं आहे.

नवा सेन्सर लावला की जी६ पहिले २ तास आकडा देत नाही, आणि सेन्सर १० दिवसांनी बदलावाच लागतो. ही शांतता ठरलेली असते. त्यासाठी भाचीच्या फोनवर एक बटण दिलं, ‘सेन्सर बदलतेय’. दाबलं की पहारेकरी अडीच तास गप्प. मात्र रात्री दहानंतर ते बटण चालत नाही. सेन्सर रात्री बदलायचाच नाही असं तिचं तिनेच ठरवलंय.

७ जुलै

पहारेकऱ्याने हाक मारायची कशी? नोटिफिकेशनचा भरवसा नाही, रात्री ‘डू नॉट डिस्टर्ब’ लागलं की ती मुकाट पडून राहते. साधा फोन कॉल बरा. कॉल करणारी एक सेवा जोडली. तो नंबर ताईच्या आणि भाऊजींच्या फोनमध्ये ‘शुगर पहारा’ नावाने सेव्ह करून तारांकित केला. तारांकित नंबरचा कॉल ‘डू नॉट डिस्टर्ब’मधूनही वाजेल असं सेटिंग केलं. रोज संध्याकाळी सात वाजता एक चाचणी कॉल येतो आणि एक रिंग देऊन तुटतो. तो आला नाही तर पहारेकरीच आजारी, असं समजायचं.

१३ जुलै

मर्यादा ठरवल्या. सगळ्यांना एकाच आकड्यावर उठवलं तर दोन आठवड्यांत कुणीच उठणार नाही. अलार्म जितके जास्त तितका त्यांचा वचक कमी, हे या घराला सांगायला नको.

७० च्या खाली म्हणजे लो, ५४ च्या खाली म्हणजे गंभीर लो, या दोन रेघा डॉक्टर जगभर वापरतात. त्यांच्याभोवती हे बांधलं: ८० ला आणि बाण खाली असेल तर फक्त भाचीचा फोन. ७० ला तिचा फोन मोठ्याने. ७० खाली १५ मिनिटं राहिली आणि तिने ‘घेतलं’ हे बटण दाबलं नाही, तर ताई. ५४ ला कुणाचीही वाट न बघता सगळे. वरच्या बाजूला घरच्यांना अलार्मच नाही. ३०० झाली तरी ते तिचं तिला कळेल. ताईला हे पटायला वेळ लागला. शुगर वर राहणं वाईटच, पण त्यात मिनिटांची घाई नसते, आणि सतत वर राहिली तर कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साठणारे आम्लधर्मी पदार्थ) तपासायचे हे भाचीला ताईपेक्षा चांगलं ठाऊक आहे.

२० जुलै

भाची वसतिगृहात गेली. दुसऱ्याच रात्री ‘माहिती नाही’.

वसतिगृहाचं वायफाय काही तासांनी पुन्हा लॉगिन मागतं. फोन मात्र वायफायला चिकटून बसतो, जोडलेला दिसतो, आणि मोबाइल डेटाकडे वळत नाही. घरी सगळं तपासूनही हे सापडणं शक्य नव्हतं. तिने वायफाय फक्त लॅपटॉपला ठेवलं, फोन कायम मोबाइल डेटावर. एका आकड्याची नोंद काही शे बाइटची, दिवसाच्या २८८ नोंदींनी डेटा संपत नाही.

२७ जुलै

पहाटे ३:४० ला ५४ चा अलार्म. ११२, ९६, ७१, ५२. सगळे उठले. भाचीने बोट टोचलं, मीटरवर १०४.

सेन्सरचा दंड अंगाखाली दाबला गेला होता. दाबामुळे तिथल्या द्रवाची ये-जा कमी होते आणि सेन्सरपाशीच ग्लुकोज खरोखर घटतं. रक्तात काहीही झालेलं नसतं. कूस बदलली की दहापंधरा मिनिटांत आकडा परत वर. आलेखात हे ओळखू येतं, एखाद्या खड्ड्यासारखं: दोन्ही कडा उभ्या. भाऊजी म्हणाले, प्रोग्रामने असा खड्डा ओळखून गप्प बसावं. ओळखता येतो, पण खड्डा संपल्यावर. उतरत असताना तो खरा लो की दाबाचा हे निव्वळ आकड्यांवरून सांगता येत नाही, आणि खऱ्या लोला एकदा जरी ‘दाब’ समजून गप्प बसलो तर बाकी सगळं केलेलं पाण्यात. गाळणी लावणार नाही. पुढचा सेन्सर ती दुसऱ्या दंडावर, थोडा मागच्या बाजूला लावून बघणार आहे. आणि अलार्म वाजला की पहिलं काम बोट टोचणं, आकड्यावर वाद घालणं नाही.

३ ऑगस्ट

या आठवड्यातला प्रसंग जरा सविस्तर लिहितो, कारण इथे यंत्र बिनचूक होतं आणि तरी बिघडलं.

रात्री ११:२० ला ६६. भाचीने ग्लुकोजच्या गोळ्या घेतल्या, १५ ग्रॅम, ‘घेतलं’ दाबलं. ११:३० ला सेन्सर म्हणतो ६१. ताईने न राहवून फोन केला, ‘अजून खाली जातेय, अजून घे.’ तिने घेतल्या. ११:३५ ला ५९. पुन्हा फोन. पुन्हा गोळ्या. मध्यरात्रीनंतर शुगर २४० च्या वर, मग ती उतरवायला इन्सुलिन, मग पहाटेपर्यंत त्या इन्सुलिनवर नजर.

सेन्सर रक्तातलं मोजत नाही, कातडीखालच्या द्रवातलं मोजतो, आणि तो द्रव रक्तापेक्षा साधारण ५ ते १० मिनिटं मागे असतो. शुगर स्थिर असताना हा फरक जाणवत नाही. ती वळते तेव्हाच जाणवतो. ११:३० ला रक्त वर निघालेलं असणार, सेन्सर अजून मागची उतरण सांगत होता. बोट टोचलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. खोलीत असलेल्या माणसाला दुसऱ्याही खुणा दिसतात, घाम थांबला, बोलणं ताळ्यावर आलं. लांबच्या माणसाला फक्त आकडा दिसतो, तोही मागून चालणारा. म्हणून लांबचा माणूस जास्त घाबरतो आणि जास्त बोलतो.

बदल केला. भाचीने ‘घेतलं’ दाबलं की ताईच्या आणि भाऊजींच्या पडद्यावर आकड्याच्या जागी ‘१५ ग्रॅम घेतलं, ११:४० ला तपासणार’ असं येतं आणि उलटी मोजणी सुरू होते. २० मिनिटं आकडा दिसत नाही. ५४ च्या खाली गेली तरच पडदा उघडतो आणि कॉल जातो. ताईला लपवाछपवी वाटेल असं मला वाटलं होतं. उलट म्हणाली, ‘हे आधी का नाही केलंस? तो आकडा बघत बसण्यापेक्षा हे घड्याळ बरं.’

१७ ऑगस्ट

डॉक्टरांकडे १४ दिवसांचा अहवाल नेला. ७० ते १८० मध्ये दिवसाचा ७० टक्क्यांहून जास्त वेळ, ७० च्या खाली ४ टक्क्यांहून कमी, ५४ च्या खाली १ टक्क्याहून कमी, ही २०१९ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीतली उद्दिष्टं. ४ टक्के म्हणजे दिवसाची जेमतेम ५८ मिनिटं. भाची पहिल्या उद्दिष्टाच्या जवळ आहे, दुसऱ्यात बसते. सरासरी १५४, त्यावरून काढलेला अंदाजी एचबीए१सी (दोनतीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्तचाचणी) ७.०. डॉक्टर खूश.

एक गोष्ट मनात राहिली. असा अहवाल ग्राह्य धरायला १४ दिवसांतले ७० टक्के आकडे असले तरी पुरतात. सरासरीसाठी ते ठीकच आहे. पण उरलेले ३० टक्के सगळे रात्रीचे असतील तर? अहवालाला फरक पडत नाही, पहाऱ्याला पडतो. म्हणून मी दर आठवड्याला वेगळा आकडा काढतो: रात्री अकरा ते सकाळी सहा या वेळात किती मिनिटं घरच्यांकडे १० मिनिटांपेक्षा ताजा आकडा नव्हता. जूनमध्ये काही रात्री हा दीड तासाच्या वर होता. आता बहुतेक रात्री दहापंधरा मिनिटांत आहे. शून्य होणार नाही, आणि होतोय असं दिसलं तर आधी माझा प्रोग्राम तपासेन.

३१ ऑगस्ट

शेवटच्या दोन कड्या. ताई तीनशे किलोमीटरवर, कॉल आला तरी ती करणार काय? भाचीला फोन, उचलला नाही तर खोलीतल्या मैत्रिणीला, तिने नाही उचलला तर रेक्टर बाईंना. हा क्रम कागदावर होता, आज करून बघितला. सांगून, पण वेळ न सांगता.

भाचीने ठरल्याप्रमाणे उचलला नाही. मैत्रिणीचा फोन सायलेंटवर. रेक्टर बाईंनी दुसऱ्या रिंगला उचलला, पण खोली क्रमांक विचारत बसल्या, ताईला आठवेना. बाई दारात पोचल्या तोवर पहिल्या कॉलला १४ मिनिटं झाली होती.

मैत्रिणीने ताईचा नंबर तारांकित केला. खोली क्रमांक, मजला आणि ‘गोळ्या उशाशी डाव्या खणात’ हे सगळं रेक्टर बाईंच्या फोनमध्ये भाचीच्या नावापुढे. मैत्रिणीला आणि बाईंना भाचीने स्वतः शिकवलं: शुद्धीवर असेल तर गोळ्या, शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं, नाकातून द्यायचं ग्लुकागॉन (शुगर झटकन वर आणणारं औषध), आणि रुग्णवाहिका. मैत्रिणीने विचारलं, ‘मुळात शुगर वाढली म्हणून बेशुद्ध असेल आणि मी ग्लुकागॉन दिलं तर?’ चांगला प्रश्न. शंका असेल तर द्यायचंच, लोमध्ये न देण्याचा धोका कितीतरी मोठा, हे डॉक्टरांचं सांगणं तिला तसंच सांगितलं.

५ सप्टेंबर

रंगीत तालीम पुन्हा. ५ मिनिटं. मैत्रिणीनेच उचलला.

१४ सप्टेंबर

भाचीचा मेसेज: ‘मग बघू म्हणाला होतास. बघ.’ सोबत तिने लिहून ठेवलेला ८ जूनचा कागद, फोटो काढून.

तिचं म्हणणं तपासलं. मला दुरुस्तीसाठी काय लागतं? प्रत्येक नोंद मोजल्याची वेळ, पोचल्याची वेळ, फोनची बॅटरी, पहारेकऱ्याची हजेरी. आकडा कुठेच लागत नाही. शांततेची मुभा काढायला पहारेकऱ्याला तो लागतो, पण ते गणित त्याच्या पोटात होतं, मला फक्त ‘मुभा १२ मि., झाले ९ मि.’ एवढं दिसलं तरी पुरे. सर्व्हरवर वेगळं पान केलं, त्यात ग्लुकोजचा रकानाच नाही. माझं वाचायचं टोकन भाचीने स्वतः रद्द केलं. सर्व्हर माझ्याच खात्यावर भाड्याने आहे, म्हणजे ठरवलं तर डेटाबेस उघडून मी अजूनही बघू शकतो. हे तिला सांगितलं. तर पुढच्या महिन्यात खातं आणि बिल तिच्या नावावर करायचं ठरलं. बिल भाऊजी भरणार.

उरलेली कामं: ट्रान्समीटरची ९० दिवसांची मुदत संपायच्या आठवडाभर आधी भाचीला आठवण जाईल असं करणं. भाऊजींचा नवा फोन, त्यात तारांकित नंबर आणि संध्याकाळचा चाचणी कॉल. ‘घेतलं’ बटण घड्याळावर देता येतं का ते बघणं. अंधारात फोन शोधण्यापेक्षा मनगट हाताशी असतं.